फॅन पामचं पहिलं पान

न बोलणारा सलूनवाला कुणी पाहिला आहे का? मी पाहिला आहे, कारण तो माझ्या ताईचा नवरा आहे. सलूनमध्ये माणसं निम्मी केसांसाठी जातात आणि निम्मी गप्पांसाठी. आमच्या भाऊजींच्या खुर्चीत बसलं की फक्त कात्रीचा आवाज. गिऱ्हाईक आपणहून काही सांगू लागलं तर भाऊजी "हं" म्हणतात. फारच रंगात आले तर "हं, हं". तरी दुकान कधी ओस पडलं नाही, कारण हात तसा आहे. काम संपलं की ते गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहतात, मान जराशी कलती करतात आणि दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता असा एखादा चुकार केस टिपतात. मग टॉवेल झटकतात. म्हणजे झालं, उठा.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला सगळे सांगतात आणि मला ते मान्य आहे. ताई माझ्याहून चार पावलं पुढे. लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारलं होतं की या मुखदुर्बळ माणसाशी जन्मभर बोलणार काय. ती म्हणाली, मी बोलेन की, ऐकायला कुणीतरी हवंच ना. पुढे कळलं की भाऊजी ऐकतही नाहीत. वाईट अर्थानं नाही म्हणत मी. ना व्यसन, ना आरडाओरडा, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी दुकान उघडायचं, दिवे लागल्यावर बंद करायचं, सुट्टीच्या दिवशी कात्र्यांना धार लावायची. घराशी त्यांचा संबंध ताट आणि उशी एवढ्यापुरता. ताई बोलत असायची, ते जेवत असायचे. एकुलता एक मुलगा बोटीवर इंजिनियर झाला आणि सहा-सहा महिने पाण्यावर राहू लागला, तेव्हा ताईनं बोलायला पाम धरले.

ताई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या धुण्यात तिची सगळी नोकरी गेली. त्या शाळेच्या फाटकाशी फॅन पामचं एक उंच जुनं झाड आहे, उघडलेल्या हातपंख्यासारखी पानं असलेलं. इतका चिवट प्रकार मी दुसरा पाहिला नाही. कडक ऊन, वारा, एखादी गारठ्याची रात्र, दोन-दोन महिने पाण्याचा थेंब नाही, कशानं त्याचं काही बिघडत नाही. त्याला घडानं काळी फळं लागतात, वाटाण्याहून लहान. ती खाली पडली की झाडूवाली लोटून नेणार, त्याच्या आत ताई पिशवी घेऊन हजर. घरी बादलीत भिजत घालायची, गर हातानं चोळून काढायची, आणि बी ताजं असतानाच फळांच्या लाकडी पेट्यांत ओळीनं टोचायची. वाळू आणि पोयट्याची माती निम्मी-निम्मी. मग बसायचं वाट बघत. रोपांना पंखे फुटले की एकेक पिशवीत काढायचं आणि ज्यांच्या बागेत काही जगत नाही अशा माणसांना शोधून शोधून वाटायचं. दवाखान्याच्या आवारात, बसथांब्यामागे, सोसायटीच्या भिंतीकडेला ताईचे पाम आहेत. विसराळू लोकांसाठी देवानं हे झाड केलंय, असं ती म्हणायची.

भाऊजी त्यांना "झाडू" म्हणायचे. तेवढा एक विनोद त्यांनी केला आणि वीस वर्षं तोच वापरला.

पेट्यांशी त्यांचा एकदाच संबंध आला. दुकानातल्या गिऱ्हाइकानं सांगितलं की केसांचं खत चांगलं होतं, म्हणून हे दिवसभराचे कापलेले केस गोळा करून आले आणि ताईच्या पेट्यांवर पसरले. ताईनं त्यांना असं काही फैलावर घेतलं की शेजारची खिडकी उघडली. माझ्या पेटीत बियाशिवाय दुसरं काही दिसता कामा नये, कचरा नाही, तण नाही, काही नाही. आयुष्यात बायकोची किती वाक्यं भाऊजींच्या डोक्यात शिरली असतील ते माहीत नाही, पण हे शिरलं.

मग ताईला झटका आला. पेट्यांत नवीन बी टोचून चार-पाच दिवस झाले होते. ओट्याशी उभी होती, तिथेच बसली आणि उठली नाही. दवाखान्यातून घरी आली ती उजवी बाजू लुळी घेऊन आणि वाचा हरवून. बघायची, ओळखायची, डाव्या हातानं पेला धरायची, पण तोंडातून शब्द म्हणून काही येईना. घशातून एक "न" निघायचा, कधी लांब, कधी तुटक. चहा नको असेल तर "न", हवा असेल तरी "न". वीस माणसांत एकटी बोलणारी माझी ताई.

आता भाऊजींबद्दल खरं सांगते. मला वाटलं होतं, हा माणूस आठवड्यात हात टेकेल. टेकले नाहीत. दुकान उशिरा उघडू लागले. तिला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं शिकले. तिचे लांब केस उशीवर गुंतून जट व्हायला लागली तेव्हा एका दुपारी त्यांनीच खुर्चीत बसवून ते कापले, अगदी मानेपर्यंत. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. भाऊजींनी मान कलती करून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते पाहिलं, केस केरसुणीनं गोळा केले आणि डब्यात टाकले. चेहऱ्यावर काही नाही. त्या दिवशी मी त्यांना फाडफाड बोलले. म्हटलं, तुम्हाला काही होतं का हो आत, की लाकूडच आहे सगळं? ते केरसुणी जागेवर ठेवून आले आणि म्हणाले,

"हिची एक बाजू बधिर झाली, धाकटे. माझ्या दोन्ही."

मला राग धरता आला नाही. खरं तर तेव्हापासून मलाही फारसं काही वाटेनासं झालं. दर रविवारी बस पकडायची, ताईकडे जायचं, तिच्या पायांना तेल लावायचं, परत यायचं. कुणी विचारलं कशी आहे तर म्हणायचं, आहे तशीच आहे.

भाऊजींनी तिची खाट मागच्या दारात लावली, परस दिसेल अशी. दारासमोर तीन हातांवर ताईच्या पेट्या. आणि मग त्यांनी एक गोष्ट मनाशी घेतली. ती त्यांनी मला सांगितली तेव्हा मी चकित झाले, कारण ते आपणहून बोलले. म्हणाले, "हिचे झाडू उगवले की ही बोलेल. बघ तू." डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की पहिल्या वर्षात जे काय परत यायचं ते येतं, पुढे फारशी आशा नको. पण बुडत्याला काडीचा आधार. भाऊजींनी त्या पेट्यांत आपलं सगळं ओतलं. उठल्याबरोबर झारीनं पाणी. ऊन चढलं की वर जाळी. मुंग्या दिसल्या की फुंकर. तो केसांच्या खताचा दिवस सोडला तर तीस वर्षं ज्या परसात त्यांनी पाय ठेवला नव्हता तिथे ते सकाळी उकिडवे बसलेले दिसू लागले.

पाम काही उगवेनात. गवत मात्र आलं. अरुंद, हिरवी, एकेक पाती. भाऊजींनी दुकानातली मिशा कापायची बारीक कात्री घरी आणली आणि पातं न् पातं मातीच्या रेषेला कापून काढायला सुरुवात केली. उपटत नव्हते, कारण उपटताना शेजारचं बी हललं तर? तेवढी अक्कल होती. दोन-चार दिवसांनी तीच पाती पुन्हा वर यायची, हे पुन्हा कापायचे. एकदा माझ्यासमोर कापता कापता म्हणाले, हिच्या धाकाचं गवत आहे, ओळ सोडून उगवत नाही. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

त्याच सुमाराला ताईचा सकाळचा त्रास सुरू झाला. भाऊजी पेट्यांशी बसले की ती ओरडायची. न, न, न, घसा फाटेपर्यंत. डावा हात खाटेच्या दांडीवर आपटायची. हाताला काळंनिळं झालं. भाऊजी कात्री टाकून धावत यायचे, पाणी द्यायचे, पाठ चोळायचे, ती त्यांचा हात झिडकारून दाराकडे बोट करायची. आम्हाला वाटलं तिला दारातला उजेड सोसत नाही. दुसऱ्या खोलीत नेलं तर जास्तच. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की असा चिडचिडेपणा येतो, त्याला कारण नसतं. त्यांनी शांत राहण्याची गोळी लिहून दिली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंनी ती दिली आणि सांगितलं की त्रास व्हायच्या आधी अर्धा तास द्या. त्रास व्हायचा तो पेट्यांच्या वेळेला. म्हणून भाऊजी आधी ताईला चहातून गोळी द्यायचे, ती डुलू लागली की कात्री घेऊन परसात जायचे.

ओरडणं कमी झालं. ताई डोळे अर्धे मिटून पडलेली असायची, ओठाच्या कडेनं लाळ. कधीतरी बारीक "न" यायचा. मी म्हटलं, गुंगी जरा जास्तच होतेय. भाऊजी म्हणाले, हात तरी आपटत नाही. तेही खरंच होतं.

मग गवतही हटलं. आधी पाती बारीक झाली, फिकट पडली, आणि एकेक करून यायची थांबली. पेट्या घोटलेल्या गालासारख्या स्वच्छ. भाऊजींचा चेहरा त्या रविवारी जरा उजळला होता. त्यांचं म्हणणं असं की आता तण दमलं, आता मातीतला सगळा कस बियांना मिळणार, आता झाडू येतील. पुढच्या आठवड्यात दुकानात गर्दी होती, शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि पोरांची डोकी रांगेत होती. पेट्यांशी बसायला त्यांना वेळ झाला नाही. पेट्यांवर पुन्हा थोडी हिरवी लव दिसू लागली. ती साफ करायची राहिली होती, तेवढ्यात औषधवाल्या बाई आल्या.

मी त्या दिवशी तिथेच होते. बाई हातात कुंडी घेऊन आल्या होत्या, कुंडीत ताईनं त्यांना दिलेला पाम. बराच मोठा झाला होता, तीन-चार पंखे डुलत होते. ताईला बघून बरं वाटेल म्हणून मुद्दाम आणला होता बिचारीनं. ताई गुंगीत होती. बाईंनी कुंडी खाटेशी ठेवली, ताईच्या कपाळावर हात फिरवला आणि आम्हाला हसत सांगू लागल्या की तुमच्या ताईनं मला हे दिलं तेव्हा पंखा वगैरे काही नव्हता. "मला वाटलं, ताईंनी मस्करी केली, गवताची काडी दिली कुंडीत घालून. उपटूनच टाकणार होते. त्या म्हणाल्या, थांबा, याचं पहिलं पान असंच असतं. दुसरं, तिसरं, सगळी तशीच. मग एक फाटतं आणि त्याचा पंखा होतो."

बाईंनी वाकून बुंध्याशी दाखवलं. पंख्यांच्या खाली, खोडाला चिकटून, दोन जुनी पानं वाळून राहिली होती. अरुंद, सरळ, एकेरी पाती.

भाऊजी त्या पात्यांकडे बघत राहिले. मान जराशी कलती झाली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. बाईंना काहीच कळलं नाही. त्यांनी चहा घेतला, गोळीचं नवं पाकीट पिशवीतून काढून ठेवलं, कुंडी राहू दे इथेच म्हणाल्या, आणि गेल्या.

भाऊजी परसात गेले नाहीत. खाटेशी स्टूल ओढून बसले. ताई झोपेत घोरत होती. ते म्हणाले,

"ती मला थांबवत होती."

मला त्यांना मारावंसं वाटलं. तीस वर्षं ही बाई बोलत होती, एकदा तरी मान वर करून बघितलं असतं, की तुझ्या पेटीत उगवतं ते काय असतं गं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण हे सगळं मला घरी परतताना बसमध्ये सुचलं. तिथे मी कप विसळले, पालथे घातले आणि रात्री थांबू का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले. मी तरी थांबले.

सकाळी त्यांनी गोळी दिली नाही. ताई चहा पिऊन जागी राहिली. भाऊजी दारातून परसात उतरले, हातात कात्री नाही, झारी नाही, काही नाही, तरी तिनं ओरडायला सुरुवात केली. डावा हात दांडीवर. भाऊजी परत फिरले. तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, पायरीवरून खुर्ची मागे कलती करून उतरवली आणि पेट्यांना लागून उभी केली. ताई एकदम गप्प झाली.

भाऊजी तिच्यापुढे जमिनीवर बसले. मला वाटलं माफी मागतील. नाही मागितली. मला अजून वाटतं, मागायला हवी होती. पेट्यांवरच्या हिरव्या लवीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "यातलं गवत कुठलं ते सांग. तेवढंच काढतो. तू म्हणशील तेवढंच."

ताईनं डावा हात लांब केला. बोट कुठे टेकवायचं ते तिला पक्कं माहीत होतं. एका पात्याला तिनं बोट लावलं. भाऊजींनी ते मुळासकट उपटलं आणि तिच्यासमोर धरलं. खाली केसाळ मुळांचा झुपका, साधं गवत. तिनं दुसऱ्याला बोट लावलं. तेही गवत. तिसरं. भाऊजी उपटत होते आणि शेजारी ठेवत होते. पहिली पेटी संपली. त्यांनी खुर्ची दुसऱ्या पेटीशी सरकवली. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, एखादं सोड, एखाद्या पात्यावरून बोट पुढे ने. ताईचं बोट एकही पातं सोडत नव्हतं. ती भराभर दाखवत होती, पूर्वी प्रयोगशाळेत फुटक्या नळ्या वेगळ्या काढायची तशी, मन न लावता. तिसरी पेटी संपली. शेवटची संपली. मातीत काही राहिलं नाही.

भाऊजींनी मग बोटानं ओळ उकरली. बी सापडलं. नखानं दाबलं तर कवच चुरलं, आत काही नव्हतं. दुसरं दाबलं, तेही पोकळ. जेवढं होतं तेवढं सगळं त्या बियांनी पानं वर पाठवण्यात घालवलं होतं. कापलं की पुन्हा, कापलं की पुन्हा. भाऊजी एकेक बी काढून तळहातावर चुरत गेले. ताईनं दोन-तीनदा पाहिलं, मग ती समोरच्या भिंतीकडे बघू लागली.

बियाचा मोसम संपला होता. शाळेच्या फाटकाशी खाली पडलेलं जे होतं ते केव्हाच वाळून गेलं होतं, आणि वाळलेलं बी लागत नाही हे ताईनं मला हजारदा सांगितलं होतं. भाऊजी तरी जाऊन आले. हात हलवत परत आले. औषधवाल्या बाईंचा पाम परसात ठेवला, पण ताईनं त्याच्याकडे कधी मान वळवली नाही. तो तिनं देऊन टाकलेला होता.

त्या सकाळनंतर ताई ओरडली नाही. एकदाही नाही. चहा पिते, भरवलं ते खाते, दारातून बाहेर बघत बसते. भाऊजी रिकाम्या पेट्यांना अजून पाणी घालतात. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, हिला बघायला काहीतरी. ते पाणी घालतात तेव्हा ती बघते, पण भिंतीकडे बघते तशीच. "न"सुद्धा नाही. मला रविवारी तिकडे जायचं म्हटलं की आता बस चुकली तर बरं असं वाटतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटत नाही.

वर्ष भरलं तेव्हा तिला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी ताईचा हात वाकवून पाहिला, डोळ्यांत विजेरी मारली, सकाळचा त्रास कसा आहे म्हणून विचारलं. अजिबात नाही हे ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "बघा, गोळी लागू पडली. चांगली सुधारणा आहे. हीच चालू ठेवा."

भाऊजी खुर्चीमागे उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाचं बोलणं तोडताना पाहिलं.

"गोळी मी केव्हाच बंद केली," ते म्हणाले. "मला थांबवण्यासारखं आता तिच्याकडे काही उरलं नाही, म्हणून गप्प आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी ताईची शाल सारखी केली आणि खुर्ची दाराकडे वळवली.